भिंतीपलीकडचा बॉयलर

हिल्डा ऑर्मरॉडने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, आणि तिच्या सगळ्या दुखण्यांत हे दुखणं सर्वांत जुनं होतं. इंग्लंडातल्या आमच्या बर्नलीत अर्थात याला दुखणं म्हणत नाहीत, चांगलं वळण म्हणतात. पाय मोडला तरी "चालायचंच" म्हणायचं, घरात विस्तव नसला तरी "मला उकडतंच जरा" म्हणायचं. गिरणीत मागावर उभं राहून हिल्डाचं सारं तरुणपण गेलं, नवरा जिम खोकून खोकून गेला, मुलगा कीथ ऑस्ट्रेलियाला गेला तो तिकडचाच झाला. प्रत्येक वेळी ही बाई दारात उभी राहून लोकांना सांगायची, "माझं काय, माझं बरं चाललंय."

ते खरं वाटावं अशी सोय मात्र एक होती, ती म्हणजे शेजारची नेली ग्रिमशॉ.

त्या रांगेतल्या घरांच्या भिंती सामाईक. हिल्डाच्या बैठकीतली शेगडी आणि नेलीच्या बैठकीतली शेगडी पाठीला पाठ लावून बसलेल्या, मध्ये विटांचा एक थर. निखारे उकरायची सळई शेगडीच्या पाठीवर ठोकली की पलीकडे स्वच्छ ऐकू जायचं. आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलावत एकमेकींना. कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाचा नवरा पिऊन पडला, की घे सळई आणि ठोक. या दोघी म्हाताऱ्या झाल्यावर ठोकण्याचा अर्थ एवढाच उरला होता. सकाळी ठोकलं की "उठले गं", रात्री ठोकलं की "निजते आता". उलट ठोका आला नाही तर दुसरीने किल्ली घेऊन यायचं. दोघींच्या मागच्या दारांच्या किल्ल्या एकमेकींकडे होत्या.

मार्चमधल्या एका सकाळी नेलीचा ठोका आला नाही. हिल्डा झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून धावली. नेली स्वयंपाकघरात पडली होती, अंग अजून कोमट होतं. हिल्डा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली आणि खूप रडली, पण मनात कुठेतरी एक समाधानही होतं की नेली एकटी पडून राहिली नाही. मागच्या गल्लीतला म्हातारा मेल्यावर किती दिवस पडून होता, ते आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नसे. हिल्डाला मरणाची भीती नव्हती. मेल्यावर तसं पडून राहायची होती.

नेलीच्या पुतण्याने घर विकलं. हिल्डाची किल्ली त्याने पाकिटात घालून, वर "आभारी आहे" लिहून परत केली. ती किल्ली तेव्हापासून हिल्डाच्या एप्रनच्या खिशात होती. ती आता कुणाला द्यायची, हा प्रश्न तिच्यापुढे होता.

घर घेतलं डीन आणि लिअ‍ॅन होलरॉइड या जोडप्याने. तो गोदामात पाळीवर, ती चष्म्याच्या दुकानात, आणि पोटात बाळ. हिल्डा पहिल्याच आठवड्यात आल्याचा केक करून घेऊन गेली. मनात वाक्य घोळवून ठेवलं होतं: 'माझी एक किल्ली ठेवाल का तुमच्याकडे?' प्रत्यक्षात ती कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलली. तपकिरी डबा कधी, निळा कधी, वारा असला की झाकणावर वीट ठेवायची. लिअ‍ॅनने मनापासून ऐकलं. हिल्डा किल्लीसकट घरी आली आणि तिने स्वतःला चार शिव्या घातल्या.

हात मात्र ऐकत नव्हता. सकाळी चहा ठेवला की तो आपोआप सळईकडे जायचा. पलीकडून उत्तर येणार नाही हे माहीत असूनही ती ठोकायची, आणि रात्री पुन्हा. ठोकलं नाही तर दिवस सुरूच झाला नाही असं वाटायचं.

एकदा मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना लिअ‍ॅन भिंतीवरून म्हणाली, "मिसेस ऑर्मरॉड, तुमच्याकडेही जुना बॉयलर आहे का हो, शेगडीच्या मागे बसवलेला?"

"नाही गं पोरी, माझा गेला केव्हाच. का?"

"आमच्यात भूत शिरलंय! रोज सकाळी ठकठक, रात्री ठकठक. वेळेचा इतका पक्का की गजर लावायला नको. डीन तर त्याला नावाने हाक मारतो. सकाळी ठोकला की म्हणतो, 'उठलात का अल्बर्ट? गुड मॉर्निंग!' आणि रात्री, 'निजा आता, अल्बर्ट.' वेडाच आहे."

हिल्डाच्या हातातली ओली उशीची खोळ तशीच राहिली. 'ती मी आहे' हे शब्द जिभेवर आले होते. पण त्यांच्या मागोमाग दुसरंच काही तरी आलं आणि त्याने तिचं तोंड बंद केलं. कुणीतरी तिला रोज गुड मॉर्निंग म्हणत होतं! रोज रात्री कुणीतरी तिला निजा म्हणत होतं! ती घरात आली आणि जिमच्या खुर्चीत बसून वेड्यासारखी हसली. पुढचे काही आठवडे ती सळई मारली की भिंतीला कान लावायची. शब्द कळत नसत. पण एक पुरुषी आवाज यायचा खरा, आणि ती हळूच म्हणायची, "गुड मॉर्निंग, बाळा."

सप्टेंबरात लिअ‍ॅन एक कागद घेऊन आली. पोट चांगलंच दिसायला लागलं होतं. "सही हवी होती तुमची. सामाईक भिंत ना, शेजाऱ्यांची संमती लागते. आम्ही बॉयलर बदलतोय. आणि तो बसलाय चिमणीच्या त्या पुढे आलेल्या फुगवट्यात, म्हणजे तो काढायचा तर फुगवट्यालाही हात लागणार. मिस्त्री म्हणाला, एकदाच काय ती धूळ होऊ दे, फुगवटाच पाडून टाकू. पाळण्यालाही जागा होईल."

"खर्च बराच असेल गं."

लिअ‍ॅन खुर्चीत टेकली आणि तिचा चेहरा उतरला. "विचारूच नका. खरं तर हे सगळं दोन-तीन वर्षांनी करायचं ठरलं होतं. बाळासाठी तीन हजार पौंड बाजूला टाकले होते, मला जरा जास्त दिवस घरी राहता यावं म्हणून. नवा बॉयलर अडीच हजारांचा. फुगवटा पाडायचा, वरच्या मजल्याचा भार पेलायला लोखंडी तुळई, नगरपालिकेचा माणूस तपासायला येणार त्याची फी, वर गिलावा. पाच हजारांच्या घरात जातंय. उरलेले डीनच्या आईकडून घेतोय, आणि ती बाई प्रत्येक पौंडाबरोबर एक टोमणा देते."

"गॅसवाला काय म्हणाला?"

"म्हणाला, चालतोय तसा चालेल अजून एक-दोन हिवाळे, पण ठोकतोय म्हणता तर मी खात्री देणार नाही. आता बाळ घरात असताना काय करणार? भीती वाटते हो. रात्री ठोकला की मी जागीच राहते."

आता बोलायलाच हवं होतं. हिल्डाला ते कळत होतं, तुमच्या-आमच्याइतकंच. एक वाक्य बोलली असती तर त्या पोरीचे पाच हजार वाचले असते आणि झोपही परत आली असती. पण इतके आठवडे त्यांना फसवून आता कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हातारी चळली म्हणतील. आणि जिला चळलेली म्हणतील तिची किल्ली कोण ठेवून घेईल? तिने चष्मा लावला, सही केली आणि म्हणाली, "जुने बॉयलर ठोकतातच गं. बदललेला बरा."

त्या रात्रीपासून तिने सळईला हात लावला नाही. लिअ‍ॅन दुसऱ्या आठवड्यात भेटली तेव्हा म्हणाली, "बघा ना, बदलायचं ठरवलं आणि मुकाट झालाय! पण आता पैसे भरून झालेत."

काम सुरू झालं तेव्हा हिल्डाच्या कपाटातल्या बश्या दिवसभर थरथरत होत्या. जुना बॉयलर अंगणात येऊन पडला, नवा स्वयंपाकघरात लागला, मग विटा निघू लागल्या. दुपारी धडधड थांबली. मिस्त्री जेवायला बसला असावा. हिल्डा जिमच्या खुर्चीत डुलकी घेत होती. आणि भिंतीतून ठोका आला. शांत, सावकाश, अगदी नेली ठोकायची तसा.

हिल्डा उठली तीच हसत. डोळे धड उघडलेही नव्हते, हातात सळई होती. "आले गं नेली, आहे मी, आहे!" म्हणत तिने शेगडीच्या पाठीवर ठोकलं, पुन्हा ठोकलं. इतक्या महिन्यांचं सगळं त्या हातात आलं होतं.

पलीकडे एकदम सामसूम झाली. मग मिस्त्रीचा आवाज आला. भिंतीवरचा चिमणीचा थर निघाला होता, त्यामुळे प्रत्येक शब्द शेजारी बसून बोलल्यासारखा येत होता. "मी हातोडीच्या दांड्याने वीट पोकळ आहे का बघत होतो. हे तिकडून आलं."

"हाच आवाज," डीन म्हणाला. "बॉयलर तर अंगणात पडलाय."

"डीन, हळू."

"काय हळू? ती म्हातारी होती, लिअ‍ॅन! रोज! आपण एका म्हातारीच्या सळईवर पाच हजार घातले. तुझी सुट्टी घातली. आणि तिने सही केली त्या कागदावर, बसून, चष्मा लावून!"

"ऐकू जाईल तिला."

"जाऊ दे ऐकू!"

हिल्डा सळई हातात धरून उभी होती. नेली मेली आहे हे तिला त्या क्षणी नव्याने आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिने त्या भिंतीसमोर उभं राहून भोगलं.

संध्याकाळी ती त्यांच्या दारात गेली. हातात पाकीट होतं, तिच्या अंत्यविधीसाठी साठवलेल्या पैशांचं. लिअ‍ॅनने दार उघडलं. डोळे सुजलेले होते.

"मी नेलीला ठोकायचे," हिल्डा म्हणाली. "तुम्हाला नव्हतं गं. सवय होती. हे घे, थोडेच आहेत."

"नको हो, मिसेस ऑर्मरॉड. बॉयलर जुनाच होता. पण सांगितलं का नाहीत?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

लिअ‍ॅनने बघितलं तिच्याकडे. आत डीनने टीव्हीचा आवाज वाढवला. मग ती पोर चांगल्या घरची होती म्हणून म्हणाली, "काही लागलं तर हाक मारा हं."

"मारीन की," हिल्डा म्हणाली.

असं म्हणायचं असतं आणि असंच उत्तर द्यायचं असतं. आमच्याकडे याच्यावर दार बंद होतं. हिल्डाचा एक हात एप्रनच्या खिशात होता आणि किल्ली घामाने ओली झाली होती. पाच हजारांचा चुराडा करून वर आणखी काय मागायचं? ती घरी आली.

पलीकडे भिंतीला आवाज अडवणारा लोकरीसारखा जाड थर भरून वर जिप्समच्या फळ्या मारल्या, रंग दिला. बाळ झालं, मुलगी झाली, हे हिल्डाला खिडकीतल्या गुलाबी फुग्यांवरून कळलं. तिने विणलेला टोपडं-मोज्यांचा जोड त्यांच्या दारातल्या पत्रपेटीतून आत सरकवला. आभाराचं कार्ड आलं. बाळाचं रडणं मात्र भिंतीतून कधी आलं नाही. काम चोख झालं होतं.

नोव्हेंबरात थंडी पडली. हिल्डाच्या छातीत अधूनमधून कळ येऊ लागली. कीथ फोनवर विचारायचा, "आई, बरी आहेस ना?" आणि ती म्हणायची, "माझं काय, माझं बरं चाललंय."

एका रात्री ती वर निजायला जाण्याआधी पुढच्या दाराशी गेली. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हे दार तिने रोज रात्री खालून-वरून कडी घालून बंद केलं होतं. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. एखाद्या सकाळी ती उठलीच नाही आणि दार फोडायची वेळ आली, तर ते चौकटीसकट जाईल. नवीन दार, बसवण्याची मजुरी, रंग. कशाला काय पडतं ते आता तिला चांगलं माहीत होतं. त्यात पुन्हा त्या पोरांना धावपळ, कुणाला तरी सुतार बोलवावा लागणार.

तिने वरची कडी काढली, मग वाकून खालचीही काढली. दार नुसतं लोटून ठेवलं आणि कठड्याला धरून सावकाश जिना चढू लागली.