कुत्र्याच्या पोटाला काय होतंय!

इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य आचाऱ्याला सगळे थर्मामीटरकाका म्हणायचे. पातेल्यात थर्मामीटर खुपसून आकडा बघितल्याशिवाय ते एकही ताट वॉर्डात जाऊ द्यायचे नाहीत. कच्च्या मांसाची सुरी लाल मुठीची, भाजीची हिरव्या मुठीची. कुणी अदलाबदल केली तर त्याची खैर नसे. एकदा तर दोन तास उघडं राहिलेलं चाळीस लिटर सूप त्यांनी मोरीत ओतायला लावलं होतं. "पेशंटच्या पोटाशी खेळ नाही," म्हणाले. हाताखालची माणसं पाठीमागे त्यांच्या नकला करायची, पण एकतीस वर्षांत त्यांच्या जेवणानं एकही माणूस आजारी पडला नाही. या गोष्टीचा काकांना मनातून फार तोरा होता.

ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत बायको गेली. मागे राहिली तिची कुत्री. तांबूस, एका कानानं पडकी, बारा वर्षांची. बायको तिला राणीसरकार म्हणायची आणि रोज तिच्यासाठी वेगळं शिजवायची. "मला कधी इतक्या प्रेमानं वाढलंस का गं?" असं काका चिडवायचे. आता ते काम त्यांच्या गळ्यात पडलं. जन्मभर शेकड्यांनी माणसं जेवू घातलेल्या या माणसाला स्वतःपुरतं रांधायचाच कंटाळा यायला लागला होता, तिथं कुत्रीसाठी कोण गॅस पेटवणार?

"कच्चंच घाला की काका," कोपऱ्यावरचा खाटीक म्हणाला. "कोंबडीच्या माना, काळीज. जनावरच आहे ते."

"खरंय. कुत्र्याच्या पोटाला काय होतंय!" काका म्हणाले आणि पिशवी घेऊन आले.

मग तोच रिवाज पडला. सकाळी फ्रीजरमधली पिशवी काढून ओट्यावर टाकायची, दुपारपर्यंत तिचा बर्फ वितळायचा, गुलाबी पाणी ओट्यावरून ओघळत खाली जायचं. ते फडक्यानं पुसायचं. राणीसरकारनं टाकलेलं संध्याकाळपर्यंत वाडग्यातच राहायचं आणि वाडगा नुसता नळाखाली धरायचा. इस्पितळात हे कुणी केलं असतं तर काकांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. घरात मात्र त्यांच्या ते डोक्यातसुद्धा आलं नाही.

तीन महिने काही झालं नाही. मग एका सोमवारी राणीसरकारनं वाडग्याकडे पाठ फिरवली. रुसली असेल, काकांना वाटलं. मंगळवारी ती दोनदा ओकली. उन्हाचं असेल. बुधवारी लेक नातीला घेऊन आली, तेव्हा कुत्री पलंगाखालून बाहेरच येईना. नात नुकती रांगायला लागली होती. ती स्वयंपाकघरभर फिरली, वाडग्याशी जाऊन बसली, हात तोंडात घातले.

"अगंबाई, शी!" म्हणत लेकीनं तिला उचललं, आणि दोघं हसली.

गुरुवारी कुत्रीच्या जुलाबात रक्त दिसलं. कान तापले होते, हिरड्या कोरड्या चिकट लागत होत्या. काका तिला चादरीत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"काय खायला घालता?" बाईंनी विचारलं.

काका सांगायला लागले. कच्चं. सकाळपासून ओट्यावर. उरलेलं संध्याकाळपर्यंत... आपण काय सांगतोय ते त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं.

"कच्च्या कोंबडीत पोट बिघडवणारे जंतू बऱ्याचदा असतात," बाई सलाईन लावता लावता म्हणाल्या. "बाहेर ठेवलं की वाढतात. धडधाकट कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून ते पसरत राहतात. म्हाताऱ्या कुत्र्यांना नाही झेपत. खाणं सोडलं, ओकली, तेव्हाच आणायला हवं होतं हो." मग त्यांनी वर पाहिलं. "घरात लहान मूल आहे का?"

काकांनी तिथूनच लेकीला फोन लावला.

"सकाळपासून ताप आहे तिला," लेक म्हणाली. "जुलाब पण होतायत. का हो बाबा?"

नातीला काकांच्याच इस्पितळात ठेवलं. मुलांच्या वॉर्डाबाहेर ते उभे असताना एक जुनी नर्स लांबूनच ओरडली, "अहो थर्मामीटरकाका! तुम्ही गेलात आणि इथल्या जेवणाची रयाच गेली बघा!" काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

शनिवारी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सलाईनवर तिथंच ठेवलेली राणीसरकार गेली होती. शेवटी तिच्याजवळ काका नव्हते. तपासणीत कुत्रीत आणि नातीत एकच जंतू निघाला.

लेकीनं आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "आईनं कधी कच्चं घातलं होतं का तिला?"

"नाही."

"मग?"



नात नवव्या दिवशी घरी गेली, लेकीच्या घरी. काकांनी ओटा उकळत्या पाण्यानं आणि साबणानं घासला, वाडगा फेकून दिला. मग ते खाटकाला सांगायला गेले.

"इतकी वर्षं देतोय काका, कुणाचं कुत्रं मेलं नाही," तो म्हणाला. शेजारी एक बाई कुत्र्याच्या पिल्लाला कडेवर घेऊन उभी होती. काका तिला अजिजीनं सांगायला लागले: शिजवून घाला, पिशवीतला बर्फ फ्रीजमध्येच वितळू द्या, वाडगा गरम पाण्यानं साबण लावून धुवा, हात धुवा, उरलेलं टाकून द्या. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, "हो आजोबा" म्हणाली आणि कोंबडीच्या माना घेऊन गेली.

दोन महिन्यांनी लेक आली. नातीचं खाणं डब्यात, पाणी बाटलीत, सगळं घरून आणलेलं. दाराजवळच्या खुर्चीत बसली. नात खाली उतरायला धडपडत होती, आजोबांकडे हात करत होती.

"राहू दे गं," काका म्हणाले. "घेऊनच बस तिला."

लेकीनं मान हलवली आणि मुलीला घट्ट धरलं. काका उठून आत गेले आणि नळ सोडून पुन्हा एकदा हात धुवत राहिले.