उणे चाळीस

नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी माझी इलेक्ट्रिक गाडी मला सांगत होती, की तिचा चार्जर थंडीने गोठलाय. तापमान उणे चाळीस! म्हणून ती चार्जिंगच घेईना. माझा शर्ट पाठीला चिकटलेला, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि सर्व्हिस सेंटरमधला इंजिनिअर तिसऱ्या खेपेलाही लॅपटॉपकडे बोट दाखवत होता. "सर, सिस्टीम तसंच दाखवतेय ना." अरे, मग जरा हात लावून बघ की! पण हात लावेल तर शपथ.

शेवटी आमच्या घरच्या जुन्या गाड्या वर्षानुवर्षं सांभाळलेले बंडूभाऊ मेकॅनिक आले. त्यांनी उन्हात तापलेल्या चार्जरला हात लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. मग त्यांनी एकेक वायर चाचपली. सेन्सरची बारीक वायर आतून तुटली होती.

"ही तुटली, की उणे चाळीसच दाखवते साहेब," ते म्हणाले.

मला त्या सेन्सरचा संतापच आला. संपर्क तुटलाय ना, मग 'मला ठाऊक नाही' असं सांग! पण नाही. आकडा द्यायचा, तोही छातीठोक, आणि अख्ख्या गाडीने त्यावर विश्वास ठेवायचा.

वायर जोडता जोडता बंडूभाऊंनी विचारलं, "अमरावतीचे मोठे भाऊ कसे आहेत तुमचे?"

"एकदम मजेत," मी लगेच म्हणालो.

दिवाळीतल्या भांडणानंतर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललेलो नाही.