आज कोणता वार?

मीनल, कागदावरच का होईना, ये वं, अशी जवळ बस. दारातून ऐकू नको, आणि तो फोन आधी पालथा ठेव. तुझी आई जाऊन महिना होत आला आणि पुण्यातून तू मला निरोप धाडतेस, "मावशी, पेपरच्या पुरवणीत आईवर लिही ना, छानसं काहीतरी." छानसं! मी काय लग्नाची पत्रिका लिहून राहिली? माझी कुसुम गेल्याचं मला कसं कळलं, ठाऊक आहे? मोबाइलवर. फुलांच्या चौकटीत तिचा फोटो आला. आधी मला वाटलं वाढदिवस आहे... चष्मा लावून खालची ओळ वाचली तेव्हा कणकेचे हात तसेच राहिले. सारा जन्म एका गल्लीत काढला आम्ही, आणि तुझ्या भावाला, बाळूला, मला एक फोन करता आला नाही. आता लिहिते आहे तर खरंच लिहीन. गोड लागलं नाही तरी वाच.

कुसुम भिवापूरची, मिरचीच्या गावची. लग्न होऊन नागपुरात, महाल भागात आमच्या शेजारी आली तेव्हा तिला शहराचं काही माहीत नव्हतं. सासूनं सांगितलं, "शुक्रवारीतून झाडू घेऊन ये." ही बापडी शुक्रवारची वाट पाहत बसली, आणि तोवर घर तसंच, बिनझाडलेलं! नागपूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींसाठी सांगते. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी ही आमच्याकडं बाजाराची, वस्तीची नावं. कॅलेंडर काहीही म्हणो, इतवारी रोजच इतवारी. कुसुमला उलगडा झाला तेव्हा ती पोट धरून हसली होती. "तुमच्या नागपुरात तर आठवडा रस्त्यावर पसरून ठेवला आहे वं! पाहिजे तो वार उचला."

आणि तिनं उचललेच. तुझ्या बाबांनी स्कूटर घेतली आणि त्यांची दांडीवाली जुनी सायकल भिंतीशी पडून राहिली. कुसुम सकाळी उजाडताना चिटणीस पार्कात जाऊन, साडी खोचून, गुडघे फोडून ती शिकली. सासू म्हणाली, "मर्दाची सायकल चालवते, उद्या मिशा येतील." कुसुम म्हणाली, "आल्या तर अर्ध्या तुम्हाले देईन." मला काही सायकल आली नाही. मी मागं कॅरियरवर, आडवी बसून, पिशव्या मांडीवर. बोलायचं माझं काम, चालवायचं तिचं. "तू बोलत राय," ती म्हणायची, "तुझं तोंड आहे म्हणून तर म्या घंटी लावली नाही."

केळीबाग रस्त्यानं निघायचं, बडकस चौकात गर्दीतून वाट काढायची, गांधीबागेच्या कापडबाजारात गठ्ठे लादलेल्या ठेल्यांच्या मधून सळकन निघायचं. ऑटो जिथं अडायचा तिथून कुसुमची सायकल सुरू व्हायची. इतवारीत शिरलो की आधी तेलाचा वास, मग हळदीचा, मग मिरचीचा, आणि मी शिंकायला लागले की ती म्हणायची, "आलो बरोबर जागी." ती कधी उतरत नसे. एक पाय दुकानाच्या पायरीवर, एक पॅडलवर, आणि मिरची मोडून नाकाशी. एकदा एक नवा दुकानदार म्हणाला, "घ्या आई, अस्सल भिवापुरी." कुसुमनं मिरची परत टाकली. "भाऊ, मी भिवापूरची. ही तर तिथून निघालेल्या गाडीतही बसली नाही." शेजारचे दुकानदार हसले, आणि तोही हसला बिचारा. पुढं तो आम्हाला पाहिलं की दुसरं पोतं उघडायचा.

आता कडू आहे ते ऐक. रोज सकाळी मी खिडकीतून तिला विचारायची, "आज कोणता वार वं?" आणि ती सायकल पुसतापुसता सांगायची, "आज बुधवारी." किंवा, "आज इतवारी." म्हणजे आज कुठं जायचं ते. सगळा जन्म या प्रश्नाला तिनं हेच उत्तर दिलं. कॅलेंडरचा वार आम्ही एकमेकींना कधी विचारलाच नाही. तो काय, पेपरात असतो.

तुझे बाबा वारल्यावर तिला गांधीबागेच्या वळणावर एका ई-रिक्षाचा धक्का लागला. हात खरचटला, बाकी काही नाही. बाळूनं तेवढं निमित्त धरलं. विसरते, भलतंच बोलते, म्हणून तिला डॉक्टरकडं नेलं. विसरायची ती, मी नाही म्हणत नाही. मीही दूध उतू घालवते. मला सोबत नेलं होतं, तिला धीर म्हणून. डॉक्टर तरुण, बाहेरगावचा. त्यानं विचारलं, "आजी, आज कोणता वार?" कुसुमनं माझ्याकडं पाहिलं, पायाजवळची रिकामी पिशवी नीट केली आणि म्हणाली, "आज इतवारी." सोमवार होता त्या दिवशी. "आत्ता आपण कुठे आहोत?" "तुमच्या दवाखान्यात. अजून कुठं, चंद्रावर?" त्यानं मान हलवली आणि लिहायला लागला. मी उठलेच. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तो बाजार आहे, हिला तिथं मिरची घ्यायची आहे..." बाळू म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?" महालात जन्मलेला मुलगा, मीनल! तो एक शब्द बोलला असता तर डॉक्टरला कळलं असतं. मी बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्याच दिवशी सायकल भंगारवाल्याकडं गेली. कुसुमला बाळूनं आपल्या फ्लॅटमध्ये नेलं, बुटीबोरीच्या वाटेवर, त्याची कंपनी तिकडं म्हणून. सुनेनं खायलाप्यायला काही कमी केलं नाही, तेही लिहिते. पण घर इतकं उंच की रस्त्यावरचा आवाजसुद्धा वर चढत नव्हता. भाजी मोबाइलवरून यायची, पिशवीला गाठ मारून. कुसुम ती गाठ सोडायची आणि एकेक टमाटा हातात घेऊन नुसती बसायची. भाव कोणाशी करणार?

शेवटची भेटले ती दिवाळीनंतर. माझा हात धरून म्हणाली, "मले एक खेप इतवारीत नेऊन आण वं." बाळू सोफ्यावरून म्हणाला, "आई, आज गुरुवार आहे. इतवार रविवारी असतो." कुसुम त्याच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. हसली थोडी. "पाह्य वं, याले म्या नागपुरात जन्माले घातलं." आणि खिडकीकडं तोंड केलं. पुन्हा तिनं कुठं न्या म्हटलं नाही. बाळू मला लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "बघितलंत ना मावशी? हे असं चालतं दिवसभर."

तेरवीला तो प्रत्येकाला तेच सांगत होता. "आईला शेवटी शेवटी काही कळत नव्हतं." लोक माना डोलवत होते. तूही डोलावलीस, मी पाहिलं. तिथं तुझ्या घरी, तुझ्या पोरांनाही हेच सांगणार का, की आजीचं डोकं गेलं होतं? सांगू नको. तिला सगळं कळत होतं. ती काय बोलते ते कळणारं माणूस घरात उरलं नव्हतं, एवढंच.

मी अजून जाते बाजारात, ई-रिक्षानं. समोर तोंड करून बसणं मला जमत नाही, आडवी बसते. वळण आलं की डावा हात आपसूक पुढं जातो, तिच्या कमरेशी खोचलेला पदर धरायला... हाताला थंडगार दांडी लागते. ड्रायव्हर म्हणतो, "आजी, नीट बसा." मी तशीच बसते.

तर तू ये. दोन दिवसांची सुट्टी काढ, पोरांना आण. बाळूला इतक्यात नको, माझा राग अजून निवला नाही. इतवारीत ई-रिक्षावाला अलीकडंच सोडतो, पुढं चालावं लागेल, आणि माझे गुडघे आता फार दिवस साथ देतील असं वाटत नाही. मिरचीचा हंगाम सुरू झाला आहे. लवकर ये वं.