गिरणीवरचा कोळसा

आमच्या गावच्या महिला गटाची मी पुढारीण झाले, तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या: मोठ्यानं बोलणं आणि दुसऱ्याचं ऐकून न घेणं. लोहाऱ्याला दोन दिवसांचं शिबिर केलं आणि तिथलं ओळखपत्र गळ्यात अडकवूनच भाकरी थापायला बसले. सासूबाई म्हणाल्या, "बैलाच्या गळ्यात पण घंटा असती. पर त्यो कामाला तरी येतो."

शिबिरात शिकवल्याप्रमाणं मी समाजमंदिरापुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. जिथं जायला भीती वाटते तिथं बायापोरींनी खूण ठेवायची. खुणेसाठी मी कुंकू नेलं होतं. एक म्हातारी खवळली, "कुंकू भीतीला लावायचं असतंय व्हय गं?" मग चुलीतले कोळसे आणले.

ओढ्याकाठी, दारूच्या गुत्त्यापाशी, फाट्यावर कोळसे पडत गेले. मी कमरेवर हात ठेवून मान डोलवत होते, जशी काही तालुक्याची तहसीलदारच. शेवटी आठवीतली एक पोर उठली. शेजारच्या गल्लीतली, मला काकू म्हणायची. तिनं कोळसा ठेवला तो आमच्या पिठाच्या गिरणीवर.

गिरणी माझा दीर चालवायचा. गावातल्या पोरी दळण घेऊन त्याच्याकडंच यायच्या. पट्टा फिरायला लागला की आतून कुणी हाक मारली तरी बाहेर ऐकू येत नसे.

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी वाकले, कोळसा उचलला. "अगं ठोंबे, ओढा तिकडं हाय," म्हणाले आणि तो ओढ्यावर नेऊन ठेवला. बाया हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मीच. काळी बोटं पदराला पुसली.

त्यानंतर ती पोर दळणाचा डबा डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावाला जायला लागली, भर उन्हात. एकदा रस्त्यात गाठून मी टोमणा मारला, "आमच्या गिरणीचं पीठ कडू लागतंय का गं?" तिची आई सोबत होती, ती शरमली. घरी जाऊन तिनं पोरीला बदडलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच गिरणीवर धाडलं.

पोर रिकाम्या हातानं परत आली. डबा आतच राहिला. त्या दिवशी ती घरात कुणाशी बोलली नाही. बोलली ती दोन दिवसांनी, आईच्या मांडीवर तोंड खुपसून.

मग मात्र मी पोलिसांत गेले. दिराविरुद्ध जबाब दिला. घरानं माझ्याशी बोलणं टाकलं, आणि गटानं माझ्या धाडसाबद्दल शाल-नारळ दिला. मी घेतला. नाही म्हणता आलं असतं. पण म्हणाले नाही.

एवढ्या वर्षांनी परवा कळंबच्या बसस्थानकावर ती पोर भेटली. सोबत तिची लहान लेक. बाकावर शेजारी बसली, पाया पडली. म्हणाली, "काकू, तुमी वाकून त्यो कोळसा उचलला ना, तवा मला लई हायसं वाटलं होतं. म्हटलं, काकूला कळालं. मग तुमी त्यो ओढ्यावर ठिवला, तवा वाटलं, न्हाई कळालं."

"कळालं होतं गं," मी म्हणाले. "तवाच कळालं होतं."

तिनं पिशवी उचलली, लेकीचा हात धरला. गाडी अजून लागली नव्हती, तरी ती जाऊन पलीकडं उन्हात उभी राहिली.