वेडमटोल्याच्या बाळांसाठी सईदाचा प्रोजेक्ट

सईदा मन्सुरी आणि मी नर्सिंगची चारही वर्षं चंद्रपूरच्या होस्टेलात एकाच खोलीत काढली. ती बल्लारपूरची, मी गडचांदूरची. तिचे वडील जहीरचाचा पिंजारी होते. खांद्यावर तारेची, धनुष्यासारखी धुनकी अडकवून ते पेपरमिलच्या क्वार्टरांतून फिरायचे आणि लोकांच्या दबलेल्या गाद्या अंगणातच उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचे. घरी ते हिंदी बोलत, बाहेर आमच्यासारखंच. सईदाही तशीच. वर्गात ती फारशी बोलायची नाही, पण एखादी गोष्ट मनात घेतली की तिला हलवणं कठीण.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात कॉलेजच्या जीपने आम्हाला एटापल्लीपर्यंत आणि तिथून पायी वेडमटोला नावाच्या माडिया आदिवासींच्या वस्तीत नेलं होतं. तिथे एका बाळंतिणीजवळचं बाळ सईदाने उचललं. ते नुसतं झोपलंय असं सगळ्यांना वाटत होतं, पण हाताला ते गार लागत होतं. आमच्या रामटेके मॅडमनी त्याला आईच्या छातीशी लावलं, वरून दोघांना पांघरूण घातलं. तरी दुपारपर्यंत ते गेलं.

शेवटच्या वर्षी, २००६ साली, प्रत्येकीने प्रोजेक्टचा विषय द्यायचा होता. सईदाने लिहून दिलं: वेडमटोल्यातली नवजात बाळं थंडीत उबदार कशी ठेवता येतील. विद्यापीठाची मंजुरी आली, रामटेके मॅडम मार्गदर्शक झाल्या. जहीरचाचांनी नव्या कापसाच्या, छापील कापडाच्या छोट्या पिशव्या शिवून दिल्या. बाळाला गळ्यापर्यंत आत घालायचं आणि वरून नाडी ओढायची. दिवाळीनंतर सईदाने गरोदर बायकांच्या घरी जाऊन त्या वाटल्या, कशा वापरायच्या ते दाखवलं. बायकांना माडियात समजावून सांगायला गावातला इसरू तिच्याबरोबर फिरायचा.

डिसेंबरात कॉलेज विकलं गेलं. आम्हाला ते फाटकावरची पाटी उतरवली तेव्हा कळलं. नागपूरकडची कुठलीशी संस्था आली, नाव बदललं. जुन्या संस्थेबरोबर जीप गेली आणि अर्धे शिक्षकही गेले. रामटेके मॅडम गडचिरोलीला सरकारी नोकरीत लागल्या.

नव्या प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, "जुन्या संस्थेची बाहेरची कामं बंद. प्रत्येकीने वॉर्डातच नवा विषय घ्या. आठवड्यात होईल असा."

आम्ही बाकीच्यांनी घेतला. मी रुग्णांच्या नातेवाइकांना हात धुण्याबद्दल प्रश्न विचारले. सईदा मात्र उभीच राहिली.

"मॅडम, मंजुरी विद्यापीठाची आहे. कॉलेज विकलं गेलं म्हणून विषय थोडीच विकला गेला?"

प्राचार्य बाई काही दुष्ट नव्हत्या. नव्या जागी त्याही बावरलेल्याच होत्या. त्या म्हणाल्या, "तुझा मार्गदर्शक कुठे आहे? गाडी कुठे आहे? त्या जंगलात तुला काही झालं तर उत्तर कोण देणार?"

"अब्बा देतीन."

"मार्गदर्शकाची सही आण, मग बोलू. सुट्टी मिळणार नाही."

रविवारी सईदा एसटीने गडचिरोलीला गेली. रामटेके मॅडमनी तिला जेवू घातलं आणि म्हणाल्या, "सही देईन मी. विद्यापीठाशीही मीच बोलते. पण काम पाहूनच देईन, ओळखीवर नाई."

तेवढं तिला पुरेसं होतं. संक्रांतीच्या सुट्टीत ती वेडमटोल्याला निघाली. सोबत जहीरचाचा होते. आलापल्लीला बस बदलायची, एटापल्लीला उतरायचं, पुढे नाला ओलांडून चालत जायचं. मधल्या काळात गावात बाळं जन्मली होती. आपल्या पिशव्यांत ती कशी दिसत असतील, हेच बोलत ती वाटभर चालत होती, असं चाचा पुढे मला सांगायचे.

एकही बाळ पिशवीत नव्हतं. सगळ्या पिशव्या छपराच्या बल्ल्यांना बांधून ठेवल्या होत्या. धूळ लागू नये म्हणून वरून पानं गुंडाळलेली. एका घरी पिशवीत वालाचं बियाणं भरून ठेवलं होतं.

सईदा ओट्यावर बसून राहिली. गावची दाई चैतीबाई तिच्याजवळ येऊन बसली आणि बराच वेळ बोलली. इसरूने सांगितलं, "बाई म्हणते, बाळंतीण वेगळ्या झोपडीत राह्यते. तिथी नेलेली चीज मंग घरात येत नाई, तिथीच टाकून द्या लागते. तू एवढी चांगली पिशवी देल्ली. तुझ्या बापाच्या हातची. ते कोण टाकून देईन?"

जहीरचाचांनी हे ऐकलं आणि मान खाली घातली. त्यांना हसावं की रडावं, कळेना.

होस्टेलवर परत आल्यावर सईदाने आम्हाला सगळं सांगितलं. वर्गातल्या मुली म्हणाल्या, "लिहून टाक ना, वापरल्या म्हणून. कोण जाते तिथी पाहाले?"

"मी जातो ना," ती म्हणाली.

रामटेके मॅडमना तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. आता प्रोजेक्ट बुडाला, असं तिला वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, "आधी हेच लिही. पिशवी काऊन वापरली नाई, ते पानभर लिही. आणि पुढं काय करू, हे मले नको विचारू, चैतीबाईले विचार."

थंडी अजून सरली नव्हती. सईदाने प्राचार्यांकडे पुन्हा सुट्टी मागितली. पहिल्या दिवशी नाही म्हणाल्या, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सईदा सकाळी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तेव्हा बाईंनी विचारलं, "तू रोज येणार आहेस का?"

"हो मॅडम."

"मग एकदाची जा. पण हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाही. ते माझ्या हातात नाही."

या वेळी चाचांनी धुनकी खांद्याला लावूनच बस पकडली. सईदाने चैतीबाईला विचारलं, टाकून देताना कोणाच्या जिवावर येणार नाही, अशी पिशवी कशाची होईल? चैतीबाईला उत्तर शोधावं लागलं नाही. आईचं जुनं लुगडं. उकळून वाळवलं की झालं. आणि आत सावरीचा कापूस. सावर तर जंगलात हवी तेवढी होती, गेल्या उन्हाळ्याचा कापूस घरोघरी टोपल्यांत पडून होता.

चाचांनी तो मुठीत घेतला आणि हसले. "याले धुनकी मारली त उडून जाईन सारा. हातानंच मोकळा करा लागते."

मग ते मांडवाखाली बसले. भोवती बायका बसल्या. त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चाचा कापसातली सरकी काढून तो मोकळा करून दाखवायचे, लुगड्याच्या दोन थरांत पातळ पसरायचे, तो गोळा होऊ नये म्हणून आडवे टाके घालायचे. एका म्हातारीने त्यांच्या हातातून सुई घेतली, त्यांचा टाका उसवला आणि आपल्या पद्धतीने घातला. चाचांनी निरखून पाहिलं आणि पुढच्या पिशवीला तसाच घातला. संध्याकाळी बायकांच्या आग्रहाखातर त्यांनी धुनकी वाजवूनही दाखवली. सावरीचा कापूस खरंच उडाला, सगळ्यांच्या केसांत जाऊन बसला, आणि सगळं गाव हसलं.

सईदा तिथे असतानाच एक बाई बाळंत झाली. चैतीबाईने सईदाला बाळंतिणीच्या झोपडीत येऊ दिलं, पण सांगितलं, इथून निघालीस की अंघोळ केल्याशिवाय कोणाच्या घरात पाय ठेवायचा नाही. बाळाला पुसून पिशवीत घातलं, आईच्या कुशीत दिलं. पहाटे काखेत थर्मामीटर लावायला ती आत जायची आणि बाहेर आली की नाल्यावर जाऊन अंगावर पाणी घ्यायची. फेब्रुवारीचं पाणी. सुट्टी संपेपर्यंत रोज. ओठ निळे पडायचे, पण वही भरली जात होती. बाळ गार पडलं नाही.

पुढची नोंद चैतीबाईने ठेवली, इसरूला लिहायला सांगून. होळीच्या सुमारास सईदा शेवटची जाऊन आली. थंडीच्या त्या शेवटच्या दिवसांत जन्मलेली बाळं पिशवीत राहिली होती. फक्त एका आईने पिशवी वापरली नाही, तिला ती आवडली नव्हती. एक बाळ दगावलं, पण तापाने. सईदाने दोन्ही लिहिलं. रामटेके मॅडमनी आख्खा प्रोजेक्ट वाचला, दोन प्रकरणं परत लिहायला लावली आणि मग सही केली. हजेरी काठावर बसली.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षक आल्या होत्या. दाराबाहेर उभ्या राहून आम्ही ऐकत होतो.

"एवढीच बाळं? नमुना फार लहान आहे."

"मॅडम, गावच लहान आहे."

"म्हणजे तुझ्या निष्कर्षावर कोणी विश्वास का ठेवावा?"

"दुसऱ्या गावासाठी नका ठेवू, मॅडम. तिथी जाऊन आधी विचारा लागन. मी पहिले विचारलं नव्हतं, म्हणून माह्या पहिल्या पिशव्या वाया गेल्या. पहिलं प्रकरण त्याचंच आहे."

आत पानं उलटल्याचा आवाज आला. मग परीक्षक बाई म्हणाल्या, "ते आडवे टाके कसे घालतात, दाखव बरं," आणि पुढची पंधरावीस मिनिटं त्या टाक्यांवरच बोलत राहिल्या.

पहिला नंबर तिचा आला नाही. तो वॉर्डात प्रश्नावली घेतलेल्या एका मुलीचा आला. सईदाला बरे गुण मिळाले. नवं नाव छापलेली पदवी तिच्या हाती आली तेव्हा प्राचार्य बाईंनी तिला बाजूला बोलावलं आणि पुढच्या वर्षीच्या मुलींना वेडमटोल्यात न्यायचं तर कोणाला भेटावं, हे विचारलं. सईदाने चैतीबाई आणि इसरूचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "गाडी एटापल्लीपर्यंतच जाते मॅडम. पुढं पायी जा लागन."

मला गडचांदूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. सईदाला बल्लारपुरातच मिळत होती, घरापासून जवळ. तिने घेतली नाही. एटापल्ली तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात कंत्राटी सिस्टरची जागा निघाली होती, तिकडे तिने अर्ज केला. बसस्टँडवर तिला सोडायला मी गेले होते. जहीरचाचा तिची ट्रंक बसच्या टपावर चढवत होते.

"माडिया येते का तुले?" मी विचारलं.

"दहा-बारा शब्द येतात," ती म्हणाली. "बाकीचे तिथी राहून शिकन." आणि ती बसमध्ये चढून खिडकीजवळची जागा धरून बसली.