शहागंज ते करमाड: आमच्या चित्रांचे हाल

प्रदर्शन संपलं की चित्रं ज्याची त्याला परत जातात, भरवणाऱ्याकडे उरतात ते किस्से. माझ्याकडे दहा दिवसांत इतके साठलेत की मी सांगायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो.

स्कॉलरशिपवर सहा वर्षं परदेशात चित्रकला शिकले आणि संभाजीनगरला परत आले, ते डोक्यात एक खूळ घेऊन. इथं देवळं आहेत, दर्गे आहेत, विहारं आहेत, चित्रं काढणारी माणसंही आहेत. मग त्यांची नव्या धाटणीची धार्मिक चित्रं लोक जिथं असतात तिथंच का लावू नयेत? एकाच वेळी दहा दिवसांसाठी तीन जागा मिळाल्या: शहागंजातलं फ्रेमचं दुकान, कन्नडचं मंगल कार्यालय आणि करमाडच्या एका देवळाचा सभामंडप.

बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले, "दहा दिवसांत एक माणूस दाखव, जो नुसतं चित्र बघत थांबला. मी गप्प बसतो. नाहीतर अकराव्या दिवशी पुणं, मामाच्या ऑफिसात नोकरी."

मी हसून हो म्हणाले. एकच तर माणूस दाखवायचा होता.

*

शहागंजात युसूफचाचांनी दुकानाचा वरचा मजला दिला. तिसऱ्या दिवशी एक बाई आमच्यातल्या एका चित्रकर्तीच्या, समीनाच्या चित्रासमोर थांबल्या. निळ्यावर निळा रंग, बाकी काही नाही. बाई बराच वेळ बघत होत्या. मी जिन्यातूनच बघत होते.

"चाचा, फ्रेम अच्छी है," बाई म्हणाल्या. "अंदर का निकाल के देते क्या?"

चाचांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं पक्कड उचलली. मी वर पोचेपर्यंत चित्र बाहेर आलं होतं आणि बाई फ्रेम घेऊन निघाल्याही होत्या. चाचांनी चित्राची गुंडाळी माझ्या हातात दिली. "तुम्हारा माल तुमको, बेटा. सलामत है."

*

कन्नडला मंगल कार्यालयाच्या मालकांनी एक भिंत दिली, पण तारखा लग्नांच्याच होत्या. जेवणं उरकून बायका आमच्या भिंतीशी जमल्या. एवढी गर्दी बघून मी आनंदानं पुढं झाले.

"समदं नवरीनंच केलंय व्हय?" एका आजींनी विचारलं.

त्यांना तो रुखवत वाटला होता. मी तोंड उघडायच्या आत नवरीची आई म्हणाली, "व्हय तर. लहानपणापासून नाद हाय तिला."

नवऱ्याच्या आत्यानं आमच्या बुद्धाकडं, मग गणपतीकडं निरखून पाहिलं. "देव काय नीट काढता येत नाय पोरीला. असू द्या. सैपाक येतो ना?"

नवरीची आई माझ्याकडं अशी बघत होती की मीच "येतो, येतो" म्हणून टाकलं.

*

करमाडला निदान शांतता होती. तिथं 'निराकार' नावाचं एक पांढरंशुभ्र चित्र लावलं होतं. पुजारीकाका रोज विचारायचे, "ताई, पेंटर कधी यायचाय?" मी रोज समजावायचे, की चित्र पूर्ण आहे. ते रोज मान डोलवायचे.

पाचव्या दिवशी त्या चित्रावर खिळा ठोकून कॅलेंडर टांगलेलं होतं.

"मोकळी जागा व्हती," काका म्हणाले. "अन् एकादशी कवा हाय ते लोकांना लांबून दिसत नव्हतं."

*

तिन्ही ठिकाणी अभिप्रायाची वही ठेवली होती. आठ दिवसांत तीन नोंदी. शहागंज: "पंखा चालू करा." कन्नड: "जेवण उत्तम." करमाडच्या वहीत एकानं आख्खं पान भरून लिहिलं होतं. मी ते अधाशासारखं वाचलं. शेजारच्यानं बांध कोरल्याची तक्रार होती, वर 'मा. तहसीलदार साहेब'.

*

दहाव्या दिवशी दुपारी बाबा टेम्पो घेऊन करमाडला आले. माझी पुण्याची बॅग घरी भरून ठेवलेली होती. एकही माणूस दाखवता आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर वाद घालायचंही त्राण नव्हतं.

सभामंडपात माझ्या चित्रासमोर एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. ते चित्र म्हणजे सहा फूट पिवळा रंग, वर फिकट होत गेलेला, आणि खाली काळे ठिपके. नाव 'खंडोबा'. ठिपके मी रचनेसाठी टाकलेले.

"कोण गं?" बाबांनी विचारलं.

"सावलीला बसले असतील," मी म्हणाले आणि चित्राची दोरी सोडायला लागले.

"थांब की, पोरी," म्हातारबाबा म्हणाले. "बघतोय न्हवं. सांज लई ब्येस धरलीस."

"संध्याकाळ?" बाबा पुढं आले.

"मग? मेंढरं बघा. एकाला एक चिकटून चाललीत. सकाळचं मेंढरू असं चालतंय व्हय? पांगतं ते."

बाबांनी चष्मा पुसला, घातला, आणि माझं चित्र पहिल्यांदाच जवळून पाहिलं. "मेंढ्यांचं असेल तुमचं खरं. पण वर पांढुरका उजेड बघा. वीस वर्षं कन्नडची पहिली गाडी केली मी, आबा. ही सकाळ आहे."

"सांज हाय."

"अहो, इथं या. इथून बघा."

दोघं गुडघे सावरत कोपऱ्यात गेले. मग मागं सरकले. मग चित्राला नाक लागेल इतके जवळ. बाहेर टेम्पोवाल्यानं तिसऱ्यांदा हॉर्न दिला.

"त्याला सांग, बाकीची चित्रं घेऊन जा," बाबा मागं न वळता म्हणाले. "हे राहू दे. आमचं अजून ठरायचंय."