बेचाळिसावी फाइल

मी चौथी शिकलेली बाई. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. मेलेलं माणूस परत येत असतं, तर आमच्या सासूबाई भांडायला नक्की आल्या असत्या. तरी हे लिहितेय... कारण मला ते कोडं अजून सुटलेलं नाही.

सोलापुरात शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत मी एकटी राहते. आमचे हे कॉम्प्युटरवर चादरींची डिझाइनं काढायचे. काढताना माइकवर बोलून ठेवायचे — "काठ लाल घे, मोर जरा मोठा कर." अशा एक्केचाळीस फाइली आहेत. यांचा आवाज तेवढाच उरलाय. हे गेल्यावर माइक मी पुतण्याला देऊन टाकला, पण कॉम्प्युटर कधी बंद केला नाही. त्याचा पंखा घुमत असला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात तो सारखा हँग व्हायला लागला. दुरुस्तीवाला इरप्पा आला. पन्नाशीचा, तोंडात कायम सुपारी.

"बंद करून डिस्क तपासतो, आज्जी."

"बंद करायचा न्हाई. चालू असतानाच बघ."

"लई हट्टी हाय की तुमी!"

त्याने तशीच तपासली. स्क्रीनवर चुकाच चुका. पुन्हा तपासली, तर चुका वेगळ्याच.

"डिस्क गेली, आज्जी. काकांचा आवाज वाचंल असं वाटत न्हाय."



मग तोच म्हणाला, "एक्केचाळीस म्हणला होता की. हितं बेचाळीस हायत."

शेवटच्या फाइलवर त्याच दिवसाची तारीख होती, वेळ सकाळी साडेअकराची. त्याने ती लावली. कुकरची शिट्टी... आणि मग माझाच आवाज — "उठा, जेवून घ्या. वरण गार होतंय."

हे मी रोज त्यांच्या खुर्चीकडे बघून म्हणते. कुणाला कधी सांगितलेलं नाही. आणि माइक तर घरातच नव्हता.

इरप्पाने त्याच्या उस्तादांना फोन लावला. त्यांनी त्याला असा झापला की मलाही ऐकू आलं — "चालू डिस्क तपासतात व्हय रे? मागावर चादर विणली जात असताना तिची लांबी मोजशील का? कॉम्प्युटर तिच्यावर लिहीतच असतो, नसलेल्या चुका दिसणारच!"

शेवटी बंद कर म्हणून मी मान हलवली. पंखा थांबला. घर इतकं गप्प झालं की इरप्पाची सुपारी ऐकू यायला लागली.

त्याने पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला आणि डिस्क वापरात नसताना तपासली. एकही चूक नाही. फाइली एक्केचाळीस.

"बेचाळिसावी खोटी होती, आज्जी."

"खोटी होती, तर तू ऐकलीस ती काय रे?"

सुपारी थांबली. चहा न घेताच तो गेला.

चुका का दिसल्या, ते मला कळलं. ती फाइल कुठून आली नि कुठं गेली, ते कुणालाच सांगता येत नाही. आता कॉम्प्युटर कामापुरताच लावते. साडेअकराला कुकर उतरवते, खुर्चीकडे बघते... आणि पूर्वीपेक्षा जरा मोठ्याने म्हणते, "जेवून घ्या."